नव्व्याण्णव टक्के आणि भूपालअण्णा

लग्नाला जाताना माणसं खिशात आहेराचं पाकीट नेतात. आमचे शेजारी भूपालअण्णा मगदूम पाकिटाबरोबर नोटा तपासायचा निळा दिवाही नेतात. दुकानदाराच्या गल्ल्याजवळ असतो तो, खोटी नोट ओळखायचा, मुठीत मावणारा. पण अण्णांना नोटांशी काही देणंघेणं नसतं. ते आधी कार्यालयाच्या पार्किंगमध्ये शिरतात, काळ्या काचांची एखादी गाडी हेरतात आणि मालकाला गाठून फार नम्रपणे म्हणतात, "पावणं, काच जरा निम्मी खाली घेता? तुमची फिल्म खरी हाय का खोटी, एवढं बघतो."

मालक गोंधळून काच खाली घेतो. अण्णा काचेच्या आतल्या अंगाला शंभराची नोट धरतात आणि बाहेरून दिवा लावतात. नोटेतले बारीक धागे चमकले, तर उन्हातले भाजणारे किरण फिल्ममधून खुशाल आत येतात, असा त्याचा अर्थ. धागे चमकतातच. मग अण्णा सुतकी आवाजात "फसलासा" असं सांगतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात. एकदा त्यांनी हा प्रयोग थेट नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीवर केला. मुलाच्या वडिलांना वाटलं, मुलीकडच्यांनी नोटा तपासायला माणूस नेमलाय. मग जे रुसवेफुगवे सुरू झाले, त्यात अक्षता वीस मिनिटं उशिरा पडल्या. अण्णा मात्र तोवर मांडवामागे आचाऱ्याला तुपाच्या डब्यावरचं लेबल वाचून दाखवत होते.

राजारामपुरीत आमची आणि त्यांची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. अण्णा मूळचे शिरोळ तालुक्यातले, जैन शेतकरी घरातले. आयुष्यभर एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची गोडी मोजली. निवृत्त झाल्यावर मोजायला रस उरला नाही, म्हणून त्यांनी जग मोजायला घेतलं असं मला बरेच दिवस वाटायचं. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरा शर्ट आणि कुठलीही छापील गोष्ट दिसली की एकच प्रश्न: "कुणी लिवलंय ह्ये?"

फरसाणाच्या पुडीवर 'आजीच्या हातची चव' असं लिहिलेलं होतं. अण्णांनी पुडीवरच्या नंबरला फोन लावला आणि आजीला बोलावून द्या म्हणाले. पलीकडच्या पोरीने आजी नाहीत असं सांगितल्यावर त्यांनी, कधी येतील, असं विचारलं. तीन दिवस रोज त्याच वेळेला ते फोन करत होते. चौथ्या दिवशी म्हणे खरोखर एक म्हातारी फोनवर आली. अण्णांनी तिला चकलीचं प्रमाण विचारलं आणि तिने फोन ठेवून दिला.

मला हा माणूस महागात पडायचा, कारण माझी छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि मुख्य म्हणजे स्टिकर. शुद्ध, अस्सल, घरगुती, पारंपरिक हे शब्द मी इतके छापलेत, की झोपेतही जुळवीन. लिहिणारा गिऱ्हाईक, छापणारा मी, त्यामुळे माझं मन स्वच्छ असायचं.

त्याचा पुरावा म्हणजे माझी स्वतःची गाडी. उद्यमनगरात रंगरावांचं गाडी सजवायचं दुकान आहे, त्यांच्या फिल्मच्या डब्यांचे स्टिकर मीच छापतो. एकदा रंगराव म्हणाले, चांगलासा आकडा घाला. शंभर खोटं वाटेल म्हणून मी नव्व्याण्णव घातला. पुढे वर्षभराने गाडीला फिल्म बसवायला मी त्यांच्याकडे गेलो, डब्यावर '९९ टक्के उष्णता रोखते' असं वाचलं आणि बरं वाटून तीच बसवली. आपणच छापलेलं वाचून आपणच भुलायचं, याला फार मोकळं मन लागतं.

अण्णांनी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर एक मेणबत्ती उभी केली आणि मला दुपारी तासभर वाट बघायला लावली. तासाने दार उघडलं तर मेणबत्ती कमरेत वाकून सीटला नमस्कार करत होती. "एक टक्क्याला एवढी वाकली," अण्णा म्हणाले, "नव्व्याण्णव आत आलं असतं तर काय झालं असतं?" मेणाचा डाग अजून सीटवर आहे.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्यामागे सुशीलाकाकी होत्या. काकी म्हणजे अण्णांच्या पत्नी. गेली काही वर्षं त्यांच्या अंगाला ऊन सोसत नाही. हातावर, मानेवर लाल चट्टे उठतात, ताप येतो, आठवडा अंथरुणात जातो. डॉक्टरांनी सांगितलंय, उन्हात जायचं नाही, आणि गाडीच्या काचेतून येणारं ऊनही ऊनच समजायचं.

काकींचं माहेर जयसिंगपूर. गाडीने तासाभराचा रस्ता. तिथे त्यांची आई आहे, तिला आम्ही सगळेच अव्वा म्हणतो. आता अडचण अशी, की काकी आणि अव्वा दोघींचाही सूर्य मावळल्यावर न जेवण्याचा नेम. घरी अण्णांची आई अंथरुणाला खिळलेली, ती काकींशिवाय कुणाच्या हातचा घास घेत नाही. सकाळी आठला एकदा आणि पुन्हा मावळतीच्या आत संध्याकाळी पाचला. म्हणजे काकी मोकळ्या असणार त्या भर उन्हाच्या वेळात, नाहीतर अंधार पडल्यावर.

त्या अंधार पडल्यावर जायच्या. तोवर अव्वांकडची जेवणं उरकलेली असायची. अव्वा लेकीसाठी हुग्गी करून ठेवायच्या. हुग्गी म्हणजे खपली गव्हाची गुळातली खीर, तिकडच्या जैन घरांतलं हमखास गोडधोड. पण रात्री खायची नाही, म्हणून ती डब्यात भरून द्यायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी ती इथे आमच्या भिंतीपलीकडे एकट्या बसून खायच्या. तीन वर्षं हे असंच चाललं होतं.

आणि मग गेल्या भाद्रपदात अव्वांनी मुनिमहाराजांसमोर नवा नेम घेतला, की दिवाळीपासून चुलीला हात लावायचा नाही. वय झालं, आता संसारातून एकेक गोष्ट सोडायची. काकींनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या, पण तेवढ्यापुरत्याच. दिवाळीच्या आत एकदा दिवसाउजेडी जाऊन आईच्या समोर, आईच्या हातचं, ताटात वाढलेलं जेवायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. मी सुचवलं, की चादर गुंडाळून जावं. अण्णा माझ्यावर उखडले. "म्हायेरला लेक जाती का गाठोडं जातंय?"

गणपती गेले, ऊन पडायला लागलं आणि अण्णांनी दोन्ही घरांच्या सामाईक गच्चीवर प्रयोगशाळा मांडली. दिवा नुसता सेलवर चालतो, सूर्य सेलवर चालत नाही, तेव्हा खरी परीक्षा उन्हातच, असं त्यांचं मत. पद्धत मात्र साधी. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे आपल्याकडे धुणं धुणाऱ्या बाईपासून सगळ्यांना माहीत आहे. अण्णांनी जुन्या धोतराचे तुकडे करून त्यांवर हळदीचे पट्टे ओढले, त्यांवर काच, काचेवर फिल्म. डाग टिकला तर फिल्म खरी. समोरच्या घरातल्या आजींनी गच्चीवर हळद लावलेली फडकी आणि काळ्या काचा पाहिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारावरून जाणं बंद केलं.

पहिल्या खेपेला रंगरावांच्या तीन फिल्मा होत्या. सोनेरी डब्यातली, चंदेरी डब्यातली आणि साध्या डब्यातली. तिन्हींखालचे डाग दोन दिवसांत सारखेच उडाले. अण्णा फडकी घेऊन दुकानात गेले, मलाही नेलं. रंगराव म्हणजे गडगडाटी आवाजाचा, पोटात काही न ठेवणारा माणूस. त्यांनी फडकी नीट बघितली आणि म्हणाले, "मग सारखीच उडणार की वो. रोल एकच हाय, डबं येगळं."

अण्णांनी विचारलं, मग किमती तीन का?

"डबं तीन हाईत न्हवं," रंगराव म्हणाले. मग माझ्याकडे बोट करून पुढे म्हणाले, "गिऱ्हाईक काच बघतंय कुठं? स्टिकर बघतंय. आनी ह्यांचा स्टिकर लई फर्मास असतोय."

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभा राहिलो. तेही मीच छापलेलं होतं.

पण रंगरावांना कुठेतरी लागलं असावं. काकींचं सगळं ऐकल्यावर ते आतल्या खोलीत गेले आणि धुळीने भरलेला एक रोल घेऊन आले. त्याला ना डबा, ना स्टिकर. आणि ती फिल्म चक्क पाण्यासारखी पारदर्शक. म्हणाले, एका कंपनीवाल्याने दोन वर्षांपूर्वी नमुना म्हणून टाकला होता, भाजणारे किरण अडवते म्हणे, पण बसवली का नाही तेच दिसत नाही, तर तिला पैसे कोण देणार? गिऱ्हाइकाला काळं पाहिजे. अण्णांनी तिथेच दिवा लावला. नोटेतला एकही धागा चमकला नाही. अण्णांनी दिव्यावर दोन चापट्या मारून पुन्हा लावला, तरी नाही.

पारदर्शक फिल्म गच्चीवर गेली. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस झाले तरी हळद पिवळी. अण्णा रोज सकाळी आम्हाला वर नेऊन डाग दाखवायचे, नातवाचा दात दाखवावा तसे. ठरलं असं, की पंधरा दिवस डाग टिकला तर फिल्म पास. पंधरावा दिवस दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पडत होता. जायचं म्हटलं तर तेवढाच वेळ हातात होता.

आणि बाराव्या दिवशी मध्ये माझी बायको पडली.

मालनचं मन फार चांगलं आहे. ती पापड वाळत घालायला गच्चीवर गेली. तिला वाटलं, अण्णा बिचारे इतके दिवस धोतराचे हळदीचे डाग घालवायची खटपट करतायत, आणि काचेखाली ठेवून कुठे डाग जातो? काकींना तर उन्हात येता येत नाही. म्हणून तिने काचा, फिल्मा बाजूला काढल्या, फडक्यांना साबण लावला, दिवसभर कडक उन्हात घातली, संध्याकाळी घडी घालून अण्णांच्या घरी नेऊन दिली. वर म्हणाली, "अण्णा, मला सांगायचं न्हाई व्हय? एका दिवसात उडालं बघा समदं."

अण्णांनी पांढरीशुभ्र घडी हातात घेतली आणि "लई उपकार झालं" असं म्हणाले. मालन आनंदाने घरी आली. तिने काय केलंय ते मी तिला सांगितलं, तेव्हा ती देवघरात जाऊन बसली ती जेवायलाच उठली.

मी अण्णांकडे गेलो. ते कपाटासमोर बसले होते. पुन्हा पंधरा दिवस मोजायला वेळ उरला नव्हता. बारा दिवसांच्या भरवशावर काकींना उन्हात न्यायचं की बेत सोडायचा, एवढंच उरलं होतं. मी म्हणालो, बारा दिवस टिकला म्हणजे टिकला, चला जाऊ.  कपाटातून अण्णांनी एक जुना डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. तीन वर्षांपूर्वी काकींसाठी फिल्म बसवली, तिचा डबा. त्यावर लिहिलं होतं, 'घातक किरणांपासून ९९ टक्के संरक्षण'. त्या फिल्मच्या भरवशावर काकी भर दुपारी माहेरी निघाल्या, आणि निम्म्या वाटेवरच्या हातकणंगल्यापर्यंत जाऊन, अंगभर चट्टे घेऊन परत आल्या होत्या. तेव्हापासून दिवसाचं जाणं बंद झालं.

शब्द वेगळे असले तरी तो नव्व्याण्णव माझाच होता. अक्षर माझं, त्याच्याभोवतीची सूर्याची किरणंही मीच काढलेली.  गाडीत मेणबत्ती वाकली तेव्हा मी हसलो होतो, त्याची आता लाज वाटली. मी कसंबसं म्हणालो, "अण्णा, ह्ये मी छापलंय."

"म्हाईत हाय की," अण्णा म्हणाले. "खाली बारीक अक्षरात तुझ्या प्रेसचं नाव हाय."

"मग तीन वर्सं बोलला न्हाईसा?"

"काय बोलायचं? तू छापलंस, रंगरावनं चिकटवलं. पर तिला चष्मा सापडत न्हवता त्या दिवशी." त्यांनी डबा स्वतःकडे ओढला. "मोठ्यानं वाचून तिला मीच दावलं, दीपक."

जगातल्या सगळ्या लेबलांना हा माणूस 'कुणी लिवलंय' असं विचारत फिरतो, आणि रात्रंदिवस त्याला टोचत असतं ते 'कुणी वाचून दाखवलं' हे. मी इतकी वर्षं त्याला विक्षिप्त म्हणत होतो. मला तिथे अण्णांच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्यांनी मला तुपाचं लेबल दाखवायला सुरुवात केली असती.

बारा दिवसांवरच जायचं, असं अण्णांनी शेवटी ठरवलं. रंगरावांनी दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन अण्णांच्या गाडीला ती पारदर्शक फिल्म बसवली, पैसे घेतले नाहीत. जाता जाता सवयीने खिशातून एक सोनेरी स्टिकर काढून काचेवर लावायला लागले. अण्णांनी हात धरला. "काय तरी लावा की वो," रंगराव कळवळून म्हणाले, "काच अगदीच उघडी दिसतीया."

दोन दिवसांनी आम्ही निघालो. सासूबाईंना आठ वाजता भरवून काकी गाडीत बसल्या. मागे मालन म्हातारीजवळ थांबली, प्रायश्चित्त म्हणून. गाडी मी चालवली, कारण अण्णांना मागे बसायचं होतं. ऊन उजवीकडून येत होतं, म्हणून ते उजवीकडे बसले. दर पाच मिनिटांनी ते काकींना हात पुढे करायला सांगायचे आणि उलटसुलट करून तपासायचे. शिरोलीच्या पुढे काकी वैतागल्या. म्हणाल्या, मी काय उसाचा रस हाय व्हय? मागच्या खेपेला जिथून परतावं लागलं होतं, ते हातकणंगलं आलं. गाव मागे पडल्यावर अण्णांनी पुन्हा एकदा हात बघितला. नुसता हात होता, नेहमीचा.

अव्वांच्या दारात गाडी अगदी पायरीला लावली. काकी दोन पावलांत सावलीत गेल्या. आतून भांड्यांचे आवाज, अव्वांचा थरथरता आवाज, मग काकींचा. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, त्यामुळे काही कळत नव्हतं. मी आत गेलो. पानं मांडली होती. हुग्गीतून वाफ येत होती. पण अण्णांचा पत्ता नव्हता.

ते गाडीतच होते. डावीकडे, येताना काकी बसल्या होत्या तिथे, शर्टाची बाही वर करून, हात काचेला लावून. मी जेवायला बोलावलं. म्हणाले, तुम्ही घ्या बसून, परतीचं ऊन ह्या बाजूनं येणार, जरा बघतो. मी म्हणालो, अण्णा, तुमच्या हाताला काही होत नाही, तुमच्या हातावरून काय कळणार? त्यांना ते माहीत होतं. ते उठले नाहीत.

काकी उंबऱ्याशी आल्या. बाहेर येता येत नव्हतं, म्हणून दाराच्या सावलीतच उभ्या राहिल्या. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषांसारखंच 'आलो, गेलो' बोलतात, तशाच त्या बोलल्या, आणि नवऱ्याशी इतकं मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"अहो, तवाबी मी ल्येबल ऐकून गाडीत बसलो न्हवतो. तुमी चल म्हणालासा, म्हणून बसलो. आज तर ल्येबलच न्हवतं, तरीबी बसलोच की. आता या. मी तुमच्यासाठनं थांबलोय."

 अण्णांनी बाही खाली घेतली, बटण लावलं, चष्मा पुसला. पुसायला जरा जास्तच वेळ लागला. मी दुसरीकडे बघितलं, कारण माझाही चष्मा पुसायला झाला होता.

आत येऊन ते पानावर बसले. आमच्याकडे आधी जावयाला वाढतात. अव्वा हुग्गीचं भांडं घेऊन आल्या, जावयासमोरून तशाच पुढे गेल्या आणि आधी लेकीच्या ताटात वाढलं. मग ओशाळून अण्णांकडे बघितलं.

"वाढा तिला आजून," अण्णा म्हणाले.